शनिवारच्या सब्ज्याचा डबा

मित्रांनो, मला पाहून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना, गंजका तेलाचा डबा आहे हे मलाही ठाऊक आहे. पंधरा किलोचा, चौकोनी, वरचा पत्रा कापून काढलेला, एका बाजूला पोचा पडलेला. पण गेल्या चौदा वर्षांत माझ्या पोटात तेलाचा एक थेंबही पडलेला नाही. माझ्या पोटात माती आहे. आणि त्या मातीपायी धारूरच्या एका गल्लीत काय काय घडलं, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. मला घाई नाही, तुम्हालाही नसावी.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. मग एका गिरणीत माझ्यात करडईचं तेल भरलं आणि मला ट्रकमध्ये घालून धारूरला पाठवलं. एका लग्नात माझं तेल तीन तासांत भज्यांना लागलं आणि मी मांडवामागे उपडा पडलो. लोकांनी भज्यांचं कौतुक केलं, माझं कुणी नाव काढलं नाही. डब्याच्या जातीला ही सवय असते.

तिथून मला शालोमभाऊंनी उचललं. शालोमभाऊ चेऊलकर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांची बायको मिलकाबाई तिथेच नर्स होती. दोघंही बेने इस्राएली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठीच बोलणारे यहुदी. नोकरीमुळे बालाघाटाच्या या डोंगरात आले आणि इथलेच झाले. सगळ्या तालुक्यात त्यांच्या धर्माचं हे एकच घर होतं.

शालोमभाऊंनी छिन्नीनं माझं डोकं कापलं. मी कर्रकर्र ओरडलो. मग त्यांनी माझ्या कडा ठोकून आत वळवल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून. बुडाला खिळ्यानं पाच भोकं पाडली, बाहेरून हिरवा रंग दिला आणि माझ्या पोटावर थाप मारून म्हणाले, "कोकणात आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तेव्हा तू काही परका नाहीस. घरच्याच धंद्यातला आहेस."

असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. मी ओट्यावर दोन विटांवर जाऊन बसलो तो माणसात आल्यासारखा.

त्या ओट्यावर आणि मागच्या अंगणात माझ्यासारखे एकोणीस डबे होते. कुणात मिरची, कुणात पुदिना, कुणात वांगं, एकात तर आलं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागायची, तेव्हा भाजी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी आमच्या वाट्याला यायचं. चहाचा चोथा, कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, काही वाया जायचं नाही. शालोमभाऊ दवाखान्यात जशी औषधाची मात्रा मोजून द्यायचे, तसंच आम्हाला पाणी मोजून द्यायचे. "जास्तीनं जेवढी माणसं दगावतात तेवढी कमीनं नाही," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. झाडाला पाणी घालता घालता ते गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ते ऐकवायचे.

माझ्या वाट्याला आला सब्जा. तुळशीसारखं दिसणारं, पण वासानं वेगळं, गोडसर आणि तरतरीत. त्याचं बी शालोमभाऊंच्या आईनं रेवदंड्याकडच्या आपल्या गावाहून लुगड्याच्या पदरात बांधून आणलं होतं. सब्जा वर्षभराचा सोबती. तुरे आले, बी धरलं, की झाड वाळतं. म्हणून दर वर्षी बी काढायचं, जपायचं, पुन्हा पेरायचं. आईनंतर शालोमभाऊंनी चाळीस वर्षं एकही साल चुकवलं नव्हतं.

हा सब्जा शनिवारसाठी होता. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी माझ्या फांदीला कुणी हात लावायचा नाही. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपला. मग शालोमभाऊ ओट्यावर यायचे, एक डहाळी खुडायचे, दिवा लावायचे, मनुका भिजवून केलेल्या रसाचा पेला पुढे ठेवायचे आणि त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत आशीर्वाद म्हणायचे. सुगंधांचे नाना प्रकार निर्माण करणाऱ्या देवा, तू धन्य आहेस, असा त्याचा अर्थ. मग ती डहाळी हातोहात फिरायची. प्रत्येकानं वास घ्यायचा, म्हणजे गेलेल्या शब्बाथचा गोडवा येणाऱ्या आठवड्याला पुरतो.

घरात माणसं दोनच. मुलगी दीना लग्न होऊन ठाण्याला. मग डहाळी हातोहात फिरायची कुणाच्या? तर गल्लीच्या. शनिवारी संध्याकाळी माणसं आपोआप ओट्याशी जमायची. तारे मोजायला तर फार स्पर्धा. समोरच्या घरातल्या सिंधुबाई कायम हरायच्या, कारण त्यांना विमानाचा दिवाही तारा वाटायचा. या सिंधुबाई दवाखान्यात आया होत्या. बाळंतपणाच्या खोलीत मिलकाबाईंच्या हाताखाली सव्वीस वर्षं काढलेल्या. त्यांचं घर बौद्ध. त्यांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण शनिवारची डहाळी त्या डोळे मिटून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "पार टकुऱ्यापस्तोर गेला बगा वास."

गल्लीत सब्जा होता तो फक्त माझ्या पोटात. दुसऱ्या कुणीच लावला नाही. शालोमभाऊंचा आहेच की, आपण कशाला लावायचा, असं प्रत्येकाला वाटायचं. यात चूक कुणाची होती हे मी सांगत बसत नाही. पण मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात असू द्या.

या वर्षी होळीच्या आधी शालोमभाऊंनी नेहमीसारखं बी काढलं, पाखडलं आणि खोकल्याच्या औषधाच्या एका रिकाम्या तपकिरी बाटलीत भरलं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि तीवर आपल्या प्रार्थनेच्या लिपीत नाव आणि साल लिहिलं. माझी जुनी माती सगळी उपसून काढली, नवी चाळलेली माती आणि लिंबोळीची पेंड भरली. "आता पावसाळ्यापर्यंत आराम कर," असं मला म्हणाले. आणि आठच दिवसांत, दुपारी जेवून हात धुताना, ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

त्यांना पुण्याला त्यांच्या दफनभूमीत नेलं. मिलकाबाई ठाण्याला मुलीकडे महिनाभर राहिल्या आणि वैशाखात एकट्याच परत आल्या. त्या दीनाशी फोनवर बोलत होत्या तेव्हा मी ओट्यावरून ऐकलं. "मला तिकडे करमत नाही गं. पाऊस पडला की सब्जा पेरीन. शनिवारचं आता मीच म्हणेन. तेवढं जमलं तर राहीन इथं. नाही जमलं तर येईन तुझ्याकडे कायमची."

एवढंच त्यांचं बोलणं. सगळं आता माझ्यावर आणि त्या बाटलीवर येऊन ठेपलं होतं.

त्या आल्या त्याच दिवशी दुपारी गल्ली भेटायला आली. उन्हानं डोंगर भाजून निघत होता. मिलकाबाई एका चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुणाशी बोलत नव्हत्या, खात नव्हत्या. सिंधुबाईंनी नेहमीप्रमाणे त्यांचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

"सिस्टर, तुमी निस्तं बसा. समदं मी बगते," त्या म्हणाल्या. "मानसं उनानं पार करपून आलीत. गार कायतरी देते."

त्यांनी माठातलं पाणी घेतलं, साखर विरघळवली, लिंबू पिळलं. आणि फडताळात त्यांना एक तपकिरी बाटली दिसली. चिठ्ठीवरची अक्षरं त्यांना औषधाची वाटली, पण आत पाहिलं तर सब्ज्याचं बी. उन्हाळ्यात सब्ज्यासारखं थंड दुसरं काय? आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सिस्टरच्या पोटात जरा थंडावा जाईल, या मायेनं त्यांनी अख्खी बाटली पातेल्यात उपडी केली. बी टम्म फुगलं. बाटली स्वच्छ धुऊन फळीवर पालथी घातली.

सतरा पेले भरले. सगळ्यांनी ते प्यायले. मिलकाबाईंनीही डोळे मिटून दोन घोट घेतले. शालोमभाऊंच्या आईचा चाळीस वर्षं जपलेला सब्जा गल्लीनं पंधरा मिनिटांत संपवला, आणि कुणाला कळलंही नाही.

एक पेला मात्र वेगळ्या वाटेनं गेला.

माझ्या शेजारी ओट्याच्या कडेला बंकटमामा बसले होते. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झालेला, पांढऱ्या मिशांचा, खणखणीत आवाजाचा माणूस. जगात कशाला न भिणाऱ्या बंकटमामांना एका गोष्टीचा मात्र तिटकारा होता, बुळबुळीत पदार्थाचा. त्यांनी मिशांच्या गाळणीतून वरचं पाणी ओढून घेतलं. बी पेल्याच्या तळाशी राहिलं. आता ते गिळायचं कसं? आणि मौतीच्या घरी दिलेलं टाकायचं तरी कसं? तसं करणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान, असं त्यांच्या आईनं लहानपणी शिकवलेलं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि गपकन पेला माझ्यात ओतला. वर कुणाला दिसू नये म्हणून तो गोळा अंगठ्यानं मातीत दाबला, माती सारखी केली, आणि रिकामा पेला सिंधुबाईंच्या हातात देत म्हणाले, "लई झ्याक झालंया."

मित्रांनो, माझ्या पोटात गारेगार वाटलं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. पण डब्याला तोंड असतं ते फक्त भरायला, बोलायला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलकाबाईंनी फडताळ उघडलं.

"सिंधुबाई, इथं तपकिरी बाटली होती. शालोमच्या हातची."

"ती व्हय? धुवून ठिवली की," सिंधुबाई हसत म्हणाल्या. "जुनं बी वाटलं, पर काय फुगलं म्हन्ता..." आणि त्या मध्येच थांबल्या. मिलकाबाईंचा चेहरा त्यांनी पाहिला होता.

"किती घातलंत?"

"समदंच घातलं सिस्टर. मानसं लई होती."

मिलकाबाई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि आधी हसल्या. "म्हणजे सासूबाईंचा सब्जा अख्ख्या गल्लीनं पिऊन टाकला," असं म्हणाल्या. हसता हसता त्यांचा आवाज फाटला, आणि महिनाभर न रडलेली ती बाई पदरात तोंड घालून रडली. सिंधुबाई तशाच उभ्या. पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

तासाभरात त्या वाण्याकडून सब्ज्याची पुडी घेऊन आल्या. "हे पेरा, सिस्टर. माझ्याच्यानं चूक झाली."

मिलकाबाईंनी पुडी हातात घेतली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमची चूक नाही हो. हाही सब्जाच आहे. पण तो सासूबाईंकडून आला होता. आता त्याला कुठून आणायचं?" त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. सिंधुबाई घरी गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा समोरासमोरची ती दोन दारं दिवसा बंद राहिली. संध्याकाळी मिलकाबाईंनी दीनाला फोन केला, "पुढच्या शुक्रवारी ये. घर आवरायचं आहे."

ही बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागणार? पाराजवळ पानाचा तोबरा भरून बसलेल्या बंकटमामांच्या कानावर ती पडली आणि त्यांचा तोबरा तोंडातच राहिला. आपण काय केलं हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. नाही, दोघांना. मलाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून ते रोज पहाटे, गल्ली उठायच्या आत, लोटाभर पाणी घेऊन येऊ लागले. पहिल्या दिवशी तर एवढं ओतलं की माझ्या पाचही भोकांतून धारा लागल्या. शालोमभाऊ असते तर मात्रा चुकली म्हणून कान धरला असता. दुसऱ्या दिवसापासून मामा ओंजळीनं घालायला शिकले. पाणी घालून झालं की माझ्यावर वाकून दबक्या आवाजात म्हणायचे, "उगव की बे. कावून छळतो म्हाताऱ्याला?"

मी काय करणार? मी धरून ठेवायची ती ओल धरून ठेवत होतो. उगवायचं काम बियाचं.

खरं सांगून टाकावं असं मामांना वाटत होतं, ते मला कळत होतं. दोनदा ते दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि परत आले. सांगितलं तर मौतीच्या घरचं सरबत ओतलं हे कबूल करावं लागणार. शिवाय उगवलंच नाही तर? आधीच दुखावलेल्या बाईला खोटी आशा लावायची? "उगवलं तर सांगीन," असं ते मला म्हणाले. तिकडं समोरच्या खिडकीतून सिंधुबाईंनी त्यांना दोनदा पाहिलं आणि म्हाताऱ्याचा डब्यावर डोळा आहे, असा निष्कर्ष काढला.

शुक्रवार उजाडला. दीना सकाळीच ठाण्याहून आली. आईसारखीच कामाला वाघ. तिनं भंगारवाल्याला बोलावलं आणि एकेक डबा अंगणाच्या कोपऱ्यात उपडा करून माती ओतायला लागली. मिरचीचा डबा गेला, पुदिन्याचा गेला. पत्रा पत्र्यावर आपटल्याचा आवाज मी ऐकत होतो. चौदा वर्षं बरोबर राहिलेले माझे सोबती हातगाडीवर पालथे पडत होते. माझं मला वाईट वाटत नव्हतं. भंगार तर एक दिवस सगळ्यांनाच व्हायचं आहे. पण माझ्या पोटात जे होतं ते आता उन्हात सुकून जाणार होतं आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

दीनानं माझ्या दोन्ही कडा धरल्या आणि मला विटांवरून उचललं.

"थांब बे! थांबा! ताई, ठिवा ते खाली!"

बंकटमामा अनवाणी धावत आले. अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच. त्यांनी मला दीनाच्या हातातून घेतलं आणि पोटाशी धरून खाली बसले. भंगारवाला बघतच राहिला.

"काय झालं मामा?" दीना म्हणाली. "हवाय का तुम्हाला? मग घेऊन जा ना खुशाल."

मित्रांनो, सुटायची ही केवढी सोपी वाट होती. हो म्हणायचं, मला घरी न्यायचं, उगवलं तर उगवलं, नाहीतर नाही. कुणाला काही कळलं नसतं. मामांच्या ओठावर हो आलंही होतं. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. दारात मिलकाबाई उभ्या होत्या.

"न्हाई न्हेनार," मामा म्हणाले. "हे तुमचंच हाय, सिस्टर. त्या दिशी मी सरबत पेलोच न्हाई. मला ते बुळबुळीत गिळवत न्हाई. ह्याच्यात वतलं आन् अंगठ्यानं दाबलं. वर झ्याक झालंया म्हून खोटं बोललो. आठ दिस झालं पानी घालतोय. काय बी दिसंना. पर बी हाय ह्याच्यात. शालोमभाऊचंच हाय. मला काय म्हनायचं ते म्हना, पर ही माती नगा टाकू."

मामांनी मान खाली घातली. साबणाचा फेस गालावर वाळून पापड झाला होता.

मिलकाबाई पायऱ्या उतरल्या, खाली बसल्या, गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला आणि माझ्या मातीवर नाक टेकेल एवढ्या वाकल्या. मातीत एका ठिकाणी बारीक भेग होती. त्या भेगेत केसाएवढं पांढरं काहीतरी वाकलेलं होतं. मलासुद्धा ते तेव्हाच जाणवलं.

आणि मग गल्लीनं तो आवाज ऐकला. दवाखान्यात ज्या आवाजानं डॉक्टरसुद्धा दचकायचे, तो.

"सिंधुबाई! बत्ती आणा! कुणी हात लावायचा नाही!"

समोरचं बंद दार खाडकन उघडलं. सिंधुबाई हातात बॅटरी घेऊन धावत आल्या. रुसवा, लाज, आठ दिवसांचं अंतर, सगळं त्यांच्या मागे राहिलं. सव्वीस वर्षं या हाकेला त्या धावल्या होत्या. पायांनी त्यांना विचारलंच नाही. त्या गुडघ्यावर बसल्या आणि न सांगता बॅटरी बरोबर तिरकी धरली, सिस्टरची सावली पडू नये अशी.

"डोकं दिसतंय," मिलकाबाई म्हणाल्या.

"आडवं हाय का सिस्टर?"

"नाही. सरळ आहे."

"दुसरं?"

"थांबा... हो. इथं. आणि हे तिसरं. सिंधुबाई, अहो, जुळी-तिळी नाही, रांगच आहे!"

दोघी एकमेकींकडे पाहून आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. संध्याकाळपर्यंत नऊ डोकी वर आली. मग सिंधुबाईंना आठवण झाली आणि त्यांनी बंकटमामांच्या पाठीत एक धपाटा घातला. "माजं सरबत वतलं व्हय रं मेल्या!" मामांनी तो धपाटा प्रसादासारखा घेतला. भंगारवाल्यानं चहा घेतला आणि गाडीवरचे सगळे डबे स्वतःच उतरवून परत जागेवर मांडले.

दीना रविवारी एकटीच ठाण्याला गेली. नऊ रोपांपैकी दोन चिमण्यांनी खाल्ली. उरलेल्या सातांतली चार माझ्याकडे ठेवली आणि तीन मिलकाबाईंनी तीन घरांत दिली. एक सिंधुबाईंकडे, एक बंकटमामांकडे, एक कोपऱ्यावरच्या शाळामास्तर त्रिंबकरावांकडे. "आता सगळं बी एका घरात ठेवायचं नाही," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. आता गल्लीत दर घरासमोर काही ना काही हिरवं आहे आणि कुणाचं वाळलं की पहिली हाक मिलकाबाईंना येते. त्या माणसांची नाडी पाहत होत्या, आता रोपांची पाहतात. अजून रात्री मधूनच उठून बसतात, अजून दोन ताटं काढतात आणि एक परत ठेवतात. दुःख काही गेलं नाही. पण सकाळी कुणीतरी दार वाजवतं आणि त्यांना उठावं लागतं.

आषाढातल्या एका शनिवारी ढग जरा पांगले. गल्ली ओट्याशी जमली होती. तीन तारे मोजून झाले. मिलकाबाईंनी दिवा लावला, मनुकांच्या रसाचा पेला ठेवला आणि माझ्या फांदीवरची पहिली डहाळी खुडली. मग त्या आशीर्वाद म्हणू लागल्या. चार शब्द म्हटले आणि अडल्या. पुढचे शब्द नेहमी शालोमभाऊंच्या आवाजात ऐकलेले. गल्लीत दुसऱ्या कुणाला ते येत नव्हते, आठवण कोण करून देणार?

"सावकास म्हना सिस्टर," बंकटमामा म्हणाले. "गाडी थांबलीया."

मिलकाबाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून म्हटलं. या वेळी पूर्ण झालं. डहाळी फिरू लागली. प्रत्येकानं हुंगली. सिंधुबाईंनी शेवटी हुंगली.

त्यांच्या समाजात प्रार्थना संपली की हातबोशी द्यायची एक रीत आहे. एकानं दुसऱ्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे आणि आपली बोटं ओठांना लावायची. इतकी वर्षं ती नवरा-बायकोतच होत असे. मिलकाबाई वळल्या आणि त्यांनी सिंधुबाईंपुढे हात केले.

सिंधुबाईंनी आपले हात लुगड्यामागे घेतले. "नगं सिस्टर. ह्या हातांनी जलमभर दवाखान्यातली घान उचलली. ह्यांना कुनी व्हटाला लावत न्हाई."

"याच हातांनी गल्लीतली निम्मी माणसं या जगात घेतली," मिलकाबाई म्हणाल्या. "आणा इकडे."

त्यांनी ते खरखरीत हात धरले, हलकेच सोडले आणि आपली बोटं ओठांना लावली. सिंधुबाईंनीही मग भीत भीत तसंच केलं. त्यानंतर किती तरी वेळ त्या आपल्याच बोटांकडे पाहत ओट्यावर बसून होत्या. बोटांना सब्ज्याचा वास येत होता.

मित्रांनो, माझं आता वय झालं. बूड खंगलं आहे, पाचाची सात भोकं झाली आहेत. माझी तक्रार काहीच नाही. फक्त दोन गोष्टी मागतो. घरात कुणी कोरडं पडलं असेल, माणूस असो की माती, तर लगेच त्याची आशा सोडू नका. ओंजळभर का होईना, रोज घालत राहा आणि वाट पाहा. आणि दुसरी गोष्ट माझ्यापुरती. हे बूड गळून पडेल तेव्हा मला खुशाल भंगारात द्या. माती मात्र आधी काढून घ्या, आणि काढताना जरा वाकून बघा.